शाळेत शिक्षक टिकत नाहीत? व्यवस्थापनाने या चुका टाळाव्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील खासगी मराठी शाळांत शिक्षक टिकत नाहीत, ही तक्रार जून उजाडला की संस्थाचालकांच्या बैठकीत निघते आणि बहुधा ‘पगार परवडत नाही’ एवढ्यावर मिटते. पगार तोकडा असेल तर तो प्रश्न खराच आहे. पण प्रत्येक जाणारा पगारासाठीच जातो, असे धरून चालणे ही पहिली चूक होय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक यांतील उणीव माणसाला नाराज करते. मात्र ती भरून काढल्याने समाधान आपोआप येत नाही, त्यासाठी कामाची कदर आणि जबाबदारी लागते.

सरकारी शाळेतील कायम शिक्षकाची बदली, तेथे कायम शिक्षक रुजू झाल्याने अतिथी (तात्पुरत्या नेमलेल्या) शिक्षकाचे सुटलेले काम आणि खासगी शाळेतील राजीनामा यांची एकाच यादीत गणना करणेही चूकच. पहिल्या दोहोंवर मुख्याध्यापकांचा फारसा ताबा नसतो.

सीमाभागात आणखी एक चूक होते, आणि ती सर्वांत महाग पडते. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची परिपत्रके कन्नडमधून येतात; त्यामुळे ज्या शिक्षकाला कन्नड उत्तम येते, तोच हळूहळू शाळेचा कारकून होऊन बसतो. परिपत्रक समजावून सांगणे, उत्तर लिहिणे, संगणकावरील नोंदी, कन्नडमधील प्रशिक्षणे सारे त्याच्याकडे येते, त्याच्या वर्गाचे बदली तास इतरांच्या माथी पडतात आणि दोन्हीकडे कुरबुर सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. शाळेची स्वतःची कागदपत्रे या बंदीत सहसा धरली जात नाहीत, हे मान्य. म्हणूनच त्यांचा हिशेब शाळेने ठेवायला हवा. हे काम वेळापत्रकात दाखवावे, त्या प्रमाणात तासिका कमी कराव्यात आणि दुसऱ्या एकाला ते शिकवून तयार करावे.

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडील शाळेत बेळगावहून ये-जा करणाऱ्यांसाठी शाळा सुटल्यावर बोलावलेली बैठक म्हणजे बस चुकणे. पावसाळ्यात तरी ती मधल्या सुट्टीत उरकावी.

राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ यापलीकडे काही लिहिलेले नसते, कारण जाणाऱ्याला अनुभवाचा दाखला हवा असतो. तेव्हा विचारायचे ते राहिलेल्यांना, दिवाळीनंतर, आणि शक्यतो मुख्याध्यापकांऐवजी संस्थेतील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीने. नेमणुका वार्षिक असतील, तर पुढील वर्षाचा आदेश एप्रिलमधील उन्हाळी सुट्टीपूर्वीच हातात द्यावा. तो जूनपर्यंत लांबवला, तर चांगला शिक्षक मे महिन्यातच दुसरी शाळा पाहून मोकळा होतो.