आजिकानची गाणी जपानीत म्हणायची तर आधी मात्रा मोजा

एशियन कुंग-फू जनरेशन, म्हणजे जपानी चाहत्यांच्या तोंडी नुसतं ‘आजिकान’. योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठातल्या मुलांनी १९९६ साली सुरू केलेला हा बँड. मासाफुमी गोतो गातो आणि गिटार वाजवतो, केन्सुके किता दुसऱ्या गिटारवर, ताकाहिरो यामादा बासवर आणि कियोशी इजिची ड्रमवर. आपल्याकडे बहुतेकांना तो अॅनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांमुळे, माहीत आहे: ‘नारुतो’चं ‘हारुका कानाता’, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चं ‘रीराइट’, ‘ब्लीच’चं ‘आफ्टर डार्क’. ही गाणी सोबत म्हणायला घेतली की दुसऱ्या ओळीपर्यंत गोतो पुढे निघून जातो आणि आपण मागे राहतो. जीभ वळत नाही म्हणून असं होत नाही. आपली मोजणी चुकलेली असते.

जपानी भाषा मात्रांवर चालते, आणि मात्रा कशा मोजायच्या हे आपण शाळेत वृत्तं शिकताना पाहिलेलं आहे. ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा. अनुस्वार असलेलं किंवा जोडाक्षराच्या आधीचं आघात घेणारं अक्षरही गुरू. जपानीचा हिशोब जवळपास हाच आहे. लांब स्वर दोन मात्रांचा, अनुस्वारासारख्या ‘न’ची स्वतःची एक मात्रा, आणि दुहेरी व्यंजनाआधी जो क्षणभर थांबा येतो त्याचीही एक मात्रा. ‘रॉक’ जपानीत ‘रो-क्-कु’ होतो, तीन मात्रांचा. मधल्या ‘क्’वर आवाज नसतो, पण वेळ पूर्ण द्यावा लागतो.

घोटाळा होतो तो देवनागरीत उतरवताना. आपल्या लिपीत आ, ए, ओ कायम गुरू, आणि जपानीत हेच स्वर एकेकटे असताना लघु असतात. ‘हारुका कानाता’ मराठी डोळ्यांनी वाचलं तर ११ मात्रा भरतात. जपानीत त्या ६ आहेत: हा-रु-का-का-ना-ता, सगळ्या सारख्याच आखूड. फक्त शीर्षकातच ५ मात्रांचा उशीर झाला, तर कडव्यात काय होईल याचा अंदाज येतो. म्हणून ‘हरुक कनत’ लिहावं, तर ‘अ’चा उच्चार वेगळा होतो आणि शेवटचा स्वर आपण गिळून टाकतो. काना लिहायचाच, पण तो ओढायचा नाही.

यावर उपाय चौकटीच्या वहीचा, गणिताला वापरतो तीच. एका चौकटीत एकच मात्रा. लांब स्वर आला की पुढच्या चौकटीत तोच स्वर पुन्हा लिहा. ‘न्’ची चौकट वेगळी, थांब्यासाठी रिकामी चौकट. ‘आफ्टर डार्क’ जपानीत ‘आ-फु-ता-आ-दा-आ-कु’, सात चौकटी. ‘रीराइट’ म्हणजे ‘रि-रा-इ-तो’, चार चौकटी, आणि पहिला ‘रि’ ऱ्हस्व. ‘सोरानिन’ या गाण्याचं नाव म्हणजे ‘सो-रा-नि-न्’, याही चार. बँडचं पूर्ण नाव जपानी उच्चारात ‘आ-जि-आ-न् का-न्-फु-उ जे-ने-रे-ए-शो-न्’, म्हणजे १४. अंगठ्याने बोटांची पेरं मोजत म्हणा. चार बोटांवर १२ पेरं होतात, तेव्हा ‘शो’ आणि शेवटचा ‘न्’ पुन्हा पहिल्या दोन पेरांवर पडायला हवेत. तसे पडले नाहीत, तर बहुधा ‘फु-उ’ किंवा ‘रे-ए’ आखूड झालाय, नाहीतर एखादा ‘न्’ आधीच्या अक्षरात विरघळलाय.

शब्द कुठून उतरवायचे? रोमन लिपीतून नको. तिथे लांब स्वर बरेचदा दाखवलेलेच नसतात, आणि ‘रे-न्-आ-इ’ हा प्रेमाचा शब्द ‘रेनाइ’ वाचला जाऊन एक मात्रा गायब होते. हिरागाना आणि काताकाना या जपानी अक्षरमाला दोन-तीन आठवड्यांत येतात, आणि मराठी माणसाला तर त्यांचा क्रम ओळखीचाच वाटतो: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या सिद्धम् या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तो आला आहे. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, असलेला मजकूर मशीनकडून वाचून घेतला तर एक धोका असतो. २००३ च्या ‘मिराइ नो काकेरा’ या गाण्याच्या नावात शेवटी ज्या दोन कांजी आहेत, त्यांचं नेहमीचं वाचन ‘हाहेन’. मशीन तेच सांगेल. गाण्यात मात्र ‘काकेरा’च म्हणायचं. गाण्यांत असं मुद्दाम वेगळं वाचन पुष्कळ असतं, म्हणून वहीतली प्रत्येक ओळ रेकॉर्डिंगशी पडताळून बघा. लिहिताना ‘हा’, ‘हे’ आणि ‘वो’ अशी दिसणारी विभक्तीसारखी अव्ययं ‘वा’, ‘ए’, ‘ओ’ अशी उच्चारली जातात, तेव्हा वहीत उच्चारच लिहा. ‘किमि तो इउ हाना’ या गाण्याच्या नावातला ‘इउ’सुद्धा गाताना ‘यु-उ’ होतो. मात्रा दोनच राहतात.

उच्चारांत आपल्याला काही गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत, त्या वापरा. जपानी ‘त्सु’ म्हणजे ‘चूक’मधला च. ‘चि’ म्हणजे ‘चिमणी’तला. ‘जि’चा ज ‘जीभ’मधला, तर ‘झु’ ‘जुना’मधल्या ज च्या जवळचा. हे दोन च आणि दोन ज आपण रोज वापरतो, इतर अनेकांना ते घासून शिकावे लागतात. ‘फु’ मात्र वेगळा आहे. खालचा ओठ दाताला लावायचा नाही, दोन्ही ओठ मिटायचेही नाहीत. चुलीत फुंकर घालताना ओठ जेवढे जवळ येतात तेवढेच ठेवायचे आणि हवा सोडायची. ट आणि ड तर वहीतून हद्दपार करा. इंग्रजी शब्द दिसला की आपली जीभ आपोआप ‘रीराइट’च्या ट कडे वळते. जपानी उच्चार त आणि द यांच्या जवळचे आहेत, आणि ट म्हटला की गाणं लगेच परकं वाटतं.

‘न्’वर सगळ्यात जास्त वेळ घालवा. तो हुबेहूब आपल्या अनुस्वारासारखा वागतो. पुढे क किंवा ग आला की ‘अंक’सारखा, त किंवा द आला की ‘अंत’सारखा, प, ब, म आला की ‘आंबा’सारखा. ‘होउकाइ आन्पुरिफाआ’ या पहिल्या गाजलेल्या ईपीच्या (छोट्या अल्बमच्या) नावात तो ‘आम्पु’ होतो. पुढे स किंवा श असेल तर जीभ टाळूला लागतच नाही, ‘संसार’ आणि ‘संशय’ म्हणताना जसा नाकातून वाहतो तसा. ‘शिन्सेइकि नो राबु सोंगु’मधला पहिला ‘न्’ याच जातीचा. तिथे जीभ टेकवली की मध्ये एक ‘त्’ घुसतो आणि ‘शिन्त्सेइकि’ ऐकू येतं.

इ आणि उ हे स्वर क, स, त, ह, प या कठोर व्यंजनांच्या मध्ये, किंवा त्यांच्यानंतर शब्दाच्या शेवटी, आले की बोलताना जवळजवळ नाहीसे होतात. ‘शिता’चा ‘श्ता’ होतो, ‘देसु’चा ‘देस’. गाण्यात त्याच अक्षराला स्वतंत्र सूर दिला असेल तर स्वर परत येतो. हे नियमाने ठरत नाही, कानाने ठरतं. जिथे स्वर विरला त्या चौकटीत पेन्सिलने छोटं शून्य काढा. चौकट खोडू नका, कारण तिचा वेळ तसाच राहतो.

आता सराव. आधी चाल नाही, फक्त मात्रा. मेट्रोनोम, म्हणजे ठेक्याचे टोले देणारं यंत्र, ६० वर लावा आणि प्रत्येक टोल्याला दोन मात्रा बोला. एक कडवं सलग तीनदा बिनचूक झालं की ५ ने वाढवा. ९० पर्यंत पोचलात की चालीत जा, आणि व्हिडिओचा वेग आधी ०.७५ ठेवा. इथे नवी अडचण येते: चालीत कधी एका मात्रेला दोन सूर असतात, कधी ‘आ-इ’ किंवा ‘ओ-न्’ अशा दोन मात्रा एकाच सुरात कोंबलेल्या असतात. अशा दोन चौकटींवर वरून कंस काढा. हे कंस न काढता नुसत्या कानावर विसंबणारे नेमके त्याच जागी दर वेळी अडखळतात.

श्वासाच्या जागाही आधीच ठरवा आणि तिथे उभी रेघ मारा. गोतो ध्रुपदात आवाज फाडून गातो. ती ओरड घशातून काढली तर दोन दिवस आवाज बसेल. सूर झेपत नसेल तर कराओकेची पट्टी दोन ते चार अर्धस्वर खाली घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

सुरुवात ‘सोरानिन’पासून करा. इनिओ आसानोच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) निघालेल्या २०१० च्या चित्रपटासाठीचं हे गाणं, शब्दही आसानोचेच, आणि त्यात मात्रांना श्वास घ्यायला जागा आहे. मग ‘किमि तो इउ हाना’, मग ‘रीराइट’. ‘हारुका कानाता’ शेवटी. अॅनिमेतला तुकडा दीड मिनिटाचा, पूर्ण गाणं सुमारे चार मिनिटांचं, आणि तुकडा पाठ झाला म्हणून पूर्ण गाण्याचा दम येत नाही. ‘रीराइट’ घेताना एक गोष्ट आधी ठरवा: ते ज्यात आहे तो ‘सोल्फा’ अल्बम २००४ चा, आणि २०१६ मध्ये बँडने तो पूर्ण नव्याने रेकॉर्ड केला. दोन्हींत गाण्याची ढब एकसारखी नाही. वहीच्या पहिल्या पानावर साल लिहा, आणि सराव संपेपर्यंत तेच रेकॉर्डिंग लावा.