ज्येष्ठांच्या तोंडाला कोरड पडते? नुसतं पाणी पाजत राहू नका, या चुका टाळा

‘वय झालं की तोंड कोरडं पडायचंच’ असं म्हणून सोडून देणं, ही पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. लाळ आटते ती बहुतेकदा औषधांमुळे. ॲलर्जी, नैराश्य, लघवीवर ताबा न राहणं अशा तक्रारींवरच्या कितीतरी गोळ्या हा त्रास देतात आणि अशा दोन-तीन गोळ्या एकत्र आल्या की तो वाढतो. सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि ‘यातलं काही बदलता किंवा कमी करता येईल का?’ असं स्पष्ट विचारा. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

पाण्याचे छोटे घोट जरूर द्या, पण लाळेचं काम पाण्याला जमत नाही. लाळ आम्ल शमवते, दातांना खनिजं देते, जंतूंना आणि बुरशीला आवरते. शिवाय गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला आडवं असताना पाणी पाजलं, तर ते तोंडातल्या जंतूंसकट फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अशांसाठी तोंड ओलसर ठेवणारं जेल बरं; त्याचा पातळ थर पुरतो.

आंबट-गोड गोळ्या चघळायला देऊ नका. लाळ सुटल्यासारखी वाटते, पण हिरड्या मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांना आम्ल आणि साखर दोन्ही खातात. अल्कोहोल असलेला माउथवॉशही नको, त्याने आग होते.

टाळूवर किंवा जिभेवर वाळलेली खपली दिसली तर ओढून काढायची घाई नको. खालची त्वचा सोलवटते, रक्त येतं. माणसाला टेकून बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा. खपलीवर जेल लावून काही मिनिटं थांबा. ती मऊ झाली की लहान, मऊ ब्रशने मागून पुढे हलकेच पुसून घ्या. काडीला लावलेला स्पंज वापरत असाल तर तो चावू देऊ नका. तुटून घशात अडकू शकतो.

दात उरले नाहीत म्हणून तोंड साफ करायचं थांबवू नका. दात असतील तर फ्लोराइडची पेस्ट अगदी थोडी घेऊन दिवसातून दोनदा घासा. नंतर जादाची पेस्ट थुंकू द्या, खळखळून चूळ नको. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. उकळतं पाणी वापरू नका, ती वाकडी होते.

जेवण अचानक नकोसं झालं, तर भूक मेली असं समजण्याआधी टॉर्च घेऊन तोंडात पाहा. पांढरा थर, लालभडक जीभ, चिरलेले ओठांचे कोपरे किंवा कवळीखालची जखम दिसली, तर दंतवैद्यांना लगेच दाखवा. बुरशीचा संसर्ग असेल तर औषधाने बरा होतो.