जुन्या कारखान्यांच्या शहरात पायी आणि सायकलवर: निघण्याआधी

यादीतली पहिली गोष्ट पिशवीत भरायची नाही, ती डोक्यात ठरवायची आहे. या शहरात कच्चा माल कुठून यायचा आणि तयार माल कुठून बाहेर पडायचा? एवढं घरी बसून शोधलंत की अर्धी वाट आखली जाते. पर्यटकांच्या नकाशावरचे दहा ठिपके जोडत फिरलात, तर रात्री दहा लाल विटांच्या इमारती आठवतील आणि त्याही एकमेकींत मिसळलेल्या. त्यापेक्षा मालाच्या मागे लागा. मँचेस्टरमध्ये १७६० च्या दशकात वर्स्लीच्या खाणीतला कोळसा ब्रिजवॉटर कालव्यातून नावेने कॅसलफील्डच्या धक्क्यावर यायला लागला. पुढे १८३० मध्ये लिव्हरपूलहून रेल्वे आली, तिचं स्टेशनही या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. अमेरिकेतल्या लोवेलमध्ये सगळा खेळ मेरिमॅक नदीच्या धबधब्याचा. ते पाणी साधारण ९ किलोमीटरच्या कालव्यांतून गिरण्यांच्या खाली फिरवलं होतं, म्हणून तिथे कालवा सोडायचा नाही. पोलंडच्या वूचमध्ये मात्र हा उपाय लंगडा पडतो. तिथले ओढे मुळातच लहान, आणि त्यातले बरेचसे आज नळात घालून जमिनीखाली गेलेत. तिथे पैशाच्या मागे जावं लागतं. इझ्राएल पोझनान्स्कीचा राजवाडा त्याच्याच गिरणीला खेटून उभा आहे, आणि २००६ पासून त्या गिरणीत खरेदीचं मोठं केंद्र भरतं.

मग जुना नकाशा. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि तिथेच सहल फसते. ब्रिटनमधल्या शहरांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे फुकट बघता येतात. अर्ध्या पडद्यावर तेव्हाचं शहर, अर्ध्यावर आजचं, असे शेजारीशेजारी ठेवता येतात. अमेरिकेतल्या शहरांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे आहेत. ते आगीच्या विम्यासाठी काढलेले, त्यामुळे विटांची इमारत गुलाबी आणि लाकडाची पिवळी. कारखान्यातलं कुठलं खातं कुठे होतं, हेसुद्धा बऱ्याचदा लिहिलेलं सापडतं. विमा कंपनीइतकं बारकाईने शहराकडे कोणी बघत नसावं! त्यावर पेन्सिलीने चारच गोष्टी गिरवा: पाणी, रूळ, धुराडी आणि कामगारांची घरं. आजच्या नकाशात चौकोनी गल्ल्यांना छेद देत एखादी पट्टी लांबलचक वळण घेत गेलेली दिसली, तर तिथून बहुधा रूळ जात होते. आगगाडीला काटकोनात वळता येत नाही, त्यामुळे तिने सोडलेली जागाही तशीच वळत राहते. अशी पट्टी सायकलवाल्याला तर वरदान. जड डब्यांसाठी चढ सौम्य ठेवलेला असतो, तो आता आपल्या गुडघ्यांच्या कामी येतो. डेट्रॉइटचा डेक्विंडर कट हा रस्त्याच्या पातळीखाली खोदलेला रेल्वेमार्ग २००९ मध्ये चालायला आणि सायकलला खुला झाला. जर्मनीत म्युलहाइम ते एसेन हा सायकलमार्गही जुन्या रेल्वेच्याच वाटेवर आहे.

किती अंतर ठरवावं? आपण नेहमी चालतो त्याच्या निम्मं. दर पन्नास पावलांवर थांबायचं असतं, त्यामुळे पायी पाच-सहा किलोमीटरला सहज तीन-चार तास जातात. सायकलवर वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये दिवस भरतो. माझा हिशोब सोपा आहे: कारखान्याच्या आवारात पायी, एका कारखान्याहून दुसऱ्याकडे सायकलने. एसेनसारख्या ठिकाणी सायकलशिवाय भागत नाही, कारण तिथे एक शहर संपून दुसरं कधी लागलं ते कळतच नाही. तिथल्या त्सोलफेराइन खाणीचं एकटं आवारच चालून पाय दुखतात. बाराव्या क्रमांकाचा शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, १९३२ मध्ये सुरू झाला, खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्याच पट्ट्यातली एम्शर नदी वाटेत नक्की घ्या. खाणींमुळे वरची जमीन खचायची, जमिनीखाली टाकलेले गटाराचे नळ फुटले असते, म्हणून शंभरेक वर्षं अख्ख्या भागाचं सांडपाणी याच नदीतून उघड्यावर वाहिलं. खाणी थांबल्यावर जमीन स्थिरावली, मग भूमिगत गटारं बांधता आली, आणि २०२१ च्या अखेरीस नदीतलं सांडपाणी बंद झालं. काठाने सायकल चालवताना हे ठाऊक असेल तर नुसतं पाणी बघायलाही थांबावंसं वाटतं.

सायकल भाड्याची असो की स्वतःची, टायर रुंद हवा. ३५ ते ४० मिलिमीटर चांगला. कारण अशा शहरांत रस्ता नावाला असतो. खाली घडीव दगडाचे चिरे, ओले झाले की साबणासारखे निसरडे, आणि मध्येच ट्रामचे रूळ. रूळ ओलांडताना शक्य तितक्या काटकोनात ओलांडायचे. हे मला माहीत होतं, तरी एकदा एका सुंदर धुराड्याकडे बघत तिरका गेलो, पुढचं चाक खाचेत बसलं आणि मी कोपरावर आलो. धुराडं बघायचं असेल तर आधी पाय टेका. दोन ट्यूब, हवेचा पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत असू द्या. जुन्या कारखान्यांभोवती काचा, पत्र्याचे तुकडे, लोखंडाचा चुरा यांना तोटा नसतो. ठिगळ लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलून निघालेलं बरं. कुलूप जाडजूड, दिवे दोन्ही बाजूंना, आणि घंटी वाजते का ते तपासा. कालव्याकाठच्या वाटा अरुंद असतात, तिथे पायी चालणाऱ्याचा मान पहिला. पुलाखाली डोकं आपटेल इतकी कमान खाली येते, समोरून कोण येतंय दिसत नाही. उतरून ढकलत गेलात तर कमीपणा नाही.

उतरलात की त्या कमानीचा कोपरा हाताने चाचपून बघा. इंजिन नव्हतं तेव्हा नाव घोडा ओढायचा आणि दोर या कोपऱ्याला घासत जायचा. दगडात, कधी तर लोखंडी पट्टीतही, बोट मावेल इतक्या खोल खाचा पडल्यात, एकाखाली एक. ओला दोर, त्यात अडकलेली वाळू, आणि वर्षानुवर्षं तीच ओढ. मला अख्ख्या संग्रहालयापेक्षा या खाचा जास्त सांगतात. असंच भिंतींवरही बघायला शिका. वरच्या मजल्यावर जिना नसलेलं दार हवेत उघडतंय आणि त्यावर तुळई बाहेर आलीय, म्हणजे ते गोदाम. गाठोडी तिथून वर चढायची. भिंतीवर लोखंडी चकती किंवा चांदणी दिसली तर ती शोभेची समजू नका. आतून गेलेल्या सळईचं ते टोक, फुगत चाललेल्या भिंतीला धरून ठेवणारं. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असेल तर काचेची बाजू कुठे आहे ते होकायंत्रावर बघा. उत्तर गोलार्धात ती बहुतेक उत्तरेकडे असते, म्हणजे विणणाऱ्याला थेट ऊन न लागता दिवसभर सारखा उजेड मिळायचा. यासाठी छोटी दुर्बीण घ्या. कॅमेऱ्यापेक्षा ती जास्त कामाला येते.

बूट जाड तळव्याचे आणि जुने. अंगावर ओरखडा असेल तर पट्टी लावूनच निघा, कालव्याच्या पाण्यातून उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पडीक जागेवर काळी बेरी लगडलेली दिसेल. खाऊ नका, खालच्या मातीत शिसं किंवा आर्सेनिक असण्याची शक्यता असते. आणि बंद इमारतीत कुंपणाच्या भोकातून शिरायचा मोह टाळा. फोटो चांगले येतात हे मान्य, पण कुजलेल्या लाकडी जमिनी आणि अॅस्बेस्टॉसची धूळ यांना तुमच्या हौसेशी देणंघेणं नाही. आत जायला रीतसर वाटा असतात. ड्युइसबुर्गमध्ये १९८५ साली विझलेल्या, लोखंड गाळायच्या झोतभट्टीवर पायऱ्यांनी चढता येतं. लोवेलच्या 'बूट' नावाच्या कापड गिरणीत माग खरोखर चालवून दाखवतात आणि आत जाताना कानात घालायला बोळे देतात. थोडा वेळ ते काढून बघा. पाळीभर त्या आवाजात उभं राहणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

तिकीट, वेळा आणि सुटीचा दिवस आधी बघून ठेवा. युरोपात बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. जमिनीखाली नेणारी फेरी असेल तर आगाऊ नोंदणी करा आणि अटी वाचा. इंग्लंडमध्ये वेकफील्डजवळच्या राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालयात १४० मीटर खाली उतरताना बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू वर ठेवावी लागते, घड्याळ आणि फोनसुद्धा. तिथे फिरवून आणणारी माणसं पूर्वी स्वतः खाणीत राबलेली असतात. त्यांना विचारायचे दोन-तीन प्रश्न तयार ठेवा. "किती लोक मेले" हा पहिला प्रश्न नको. पाळी सुटल्यावर पहिलं काय करायचात, हे विचारा, मग ते खुलतात.

ऋतू निवडता येत असेल तर पानगळीनंतरचा निवडा. सोडून दिलेल्या जागांवर झाडं इतकी माजतात की उन्हाळ्यात भिंतच दिसत नाही. ऊन तिरपं असतं तेव्हा, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर, विटांवर पुसट झालेली जुनी नावं वाचता येतात.

कामगारांच्या घरांच्या रांगांत कॅमेरा पिशवीत ठेवा. तिथे आजही लोक राहतात, आणि काम गेल्याची झळ कितीतरी घरांत अजून आहे. खिडकीतून कोणी बघत असेल तर मान हलवा, बोलायची इच्छा दिसली तर थांबा. इथे पूर्वी भोंगा किती वाजता व्हायचा, एवढं विचारलं की एखादी आजी हात पुसत दारात येते आणि मग आखलेली वेळ विसरावी लागते. म्हणून दुपारनंतरचा एक तास मुद्दाम रिकामा सोडा.

शेवटी परतीचं. सायकल घेऊन गाडीत चढायचं असेल तर तिचं वेगळं तिकीट लागतं का, गर्दीच्या वेळी चढू देतात का, हे सकाळीच विचारा. संध्याकाळी फलाटावर कळून उपयोग नसतो. आणि कोरड्या मोज्यांची एक जोडी पिशवीत अगदी वर ठेवा.