बोलता न येणाऱ्यासाठी टॅबवर मराठी बोर्ड कसा लावायचा

टॅब घेतला, बोलायचं ॲप टाकलं, पोराच्या हातात दिलं आणि महिन्याभराने बघावं तर त्यावर नुसतं यूट्यूब चालू, हे बऱ्याच घरांत होतं. म्हणून आधीच सांगते, कुठलं ॲप हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाहीये. त्यात बटणं कुठली टाकली आणि घरातलं कोण कोण ती दाबतं यावर सगळं अवलंबून आहे. थेरपिस्ट लोक याला एएसी म्हणतात, म्हणजे तोंडाने बोलणं जमत नसेल किंवा कमी पडत असेल तर चित्रं, अक्षरं, टॅब, जे चालेल त्याने बोलणं. ऑटिझम, सीपी (सेरेब्रल पाल्सी), स्ट्रोकनंतर गेलेली वाचा, एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार), सगळ्यांना उपयोगी, फक्त बोर्ड, म्हणजे बटणांची मांडणी, प्रत्येकाची वेगळी.

आणि हो, घरातलं कोणीतरी म्हणणारच की टॅबवर बोलायची सवय लागली की पोर तोंडाने बोलणार नाही. यावर 2006 साली एक मोठा रिव्ह्यू आलाय, त्यात नीट तपासलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही, उलट 89 टक्के लोकांचं थोडंफार वाढलं. हे आजीआजोबांना सांगून ठेवा, पुढचे बरेच वाद वाचतील.

आता ॲप. फुकट हवं असेल तर आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीमध्ये, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, बनलेलं जेलो बघा, मराठी आहे, अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हीवर चालतं. कडेला आवडतं-नावडतं, जास्त-कमी वगैरे सहा बटणं कायम असतात, मधलं चित्र निवडून त्यातलं एक दाबलं की पूर्ण वाक्य बोलतं. लहान मुलाच्या सुरुवातीला हे छान. चेन्नईचं आवाज हे जास्त खोल ॲप आहे, त्यातही मराठी मिळतं, पैसे पडतात पण आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतं. सीबोर्ड ओपन सोर्स आहे, साध्या ब्राउझरमध्ये उघडतं, बटणावर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येतो. परदेशातल्या आपल्या लोकांना शाळेतून प्रोलोक्वोटूगो सुचवतात, ॲप उत्तमच आहे पण ते फक्त ॲपलवर आणि मराठी नाही, मग शाळेची भाषा त्यात आणि आजीशी बोलायला मराठीचा वेगळा बोर्ड अशी दोन्हीची सोय करायला लागते. दोन भाषांनी पोर गोंधळतं वगैरे ऐकून मराठी बंद करू नका, घरात सगळे मराठीत बोलतात आणि त्यालाच तेवढी मराठी नाही, हे काय बरोबर आहे का.

ॲप टाकायच्या आधी टॅबला मराठी आवाज आहे का बघा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये टेक्स्ट टू स्पीच असं सर्च करा, गूगलचं स्पीच इंजिन निवडा आणि मराठीचा व्हॉइस डेटा डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसलं तरी बोलेल. आयपॅडवर आयओएस 16 च्या पिढीपासून अनन्या नावाचा मराठी आवाज आलाय, ॲक्सेसिबिलिटीमध्ये व्हॉइसेसच्या यादीत सापडेल. पोरगा असला तरी आवाज बहुधा बाईचाच येतो म्हणून काही जणांना खटकतं, ज्या ॲपमध्ये रेकॉर्डिंग चालतं तिथे शेजारच्या त्याच्याच वयाच्या मुलाकडून नेहमीची वाक्यं बोलवून घ्या, मुलांना असलं काम फार आवडतं.

दुसरं म्हणजे टॅब त्या ॲपलाच बांधून टाका. आयपॅडवर गायडेड ॲक्सेस आहे, चालू केलं की तीनदा बटण दाबून ॲप लॉक होतं, अँड्रॉइडवर ॲप पिनिंग नावाने तेच. जमलं तर यूट्यूबचा टॅब वेगळा आणि बोलायचा वेगळा ठेवा, बोलायला जुना साधा टॅबसुद्धा चालतो. आणि शिक्षा म्हणून बोलायचा टॅब कधीही काढून घ्यायचा नाही. दंगा केला म्हणून आपण कोणाच्या तोंडाला पट्टी लावतो का?

आता बोर्ड, इथे जरा थांबून वाचा कारण सगळी गंमत इथेच आहे. बहुतेक ॲपची मांडणी इंग्रजी वाक्याच्या चालीने केलेली असते, आधी कोण, मग क्रियापद, मग वस्तू. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे डावीकडे माणसं, मधे वस्तू आणि जागा, उजवीकडे पाहिजे, नको, दे, जायचंय असं लावलं की बोट डावीकडून उजवीकडे जाताना आपोआप आपल्यासारखं वाक्य होतं. मग प्रत्ययांची भानगड. "मी" आणि "पाहिजे" अशी सुटी बटणं असली तर टॅब "मी पाणी पाहिजे" बोलतो आणि ऐकणारे हसतात. म्हणून "मी" च्या शेजारीच "मला", "माझं" अशी तयार बटणं करा, "आई" सोबत "आईला", "आईकडे" पण.

जातो की जाते हा घोळ टाळायला एक सोपी युक्ती आहे, "मला" घेऊन "जायचंय, खेळायचंय, झोपायचंय, खायचंय" असं बनवा, मुलगा असो मुलगी असो वाक्य बरोबरच येतं. दुखण्याचं मात्र वेगळं पान करा आणि त्यात सुटे अवयव न टाकता अख्खी वाक्यंच टाका, पोट दुखतंय, पाय दुखतोय, दाढ दुखतेय, कारण एकच "दुखतंय" सगळ्यांना लागत नाही आणि ताप आलेला असताना कोणी चार बटणं जुळवत बसत नाही.

शब्द कुठले टाकायचे? सगळे आधी सफरचंद, केळं, हत्ती, घोडा भरतात. हत्तीबद्दल दिवसातून किती वेळा बोलता हो तुम्ही? रोजच्या बोलण्यातला बहुतेक भाग दोन-तीनशे शब्दांतच फिरत असतो, आणि ते असतात नको, अजून, थांब, परत, झालं, चल, हे, ते, काय, कुठे, मी, तू, दे, बघ असले. हे पहिल्या पानावर. "नको" आणि "थांब" तर प्रत्येक पानावर, एकाच जागी. "चुकलं, मला तसं म्हणायचं नव्हतं" असं एक बटण जरूर द्या, नाहीतर समोरचा भलतंच समजून कामाला लागतो आणि पोर चिडून टॅब फेकतं, मग आपण म्हणतो त्याला ॲप आवडत नाही. चिडवायचे, भांडायचे शब्द पण हवेत, "जा ना", "कंटाळा आला", "गप्प बस". आणि शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, खाजगी सुद्धा, सोबत "मला हात लावू नको" आणि "आईला सांगायचंय". मोठे लोक लाजून हे टाकत नाहीत, पण ज्याला बोलता येत नाही त्याला याची गरज जास्तच आहे.

एकदा लावलेलं बटण हलवू नका. आपण कीबोर्डवर न बघता टाइप करतो तसं बोटाला जागा पाठ होते, ती बदलली की सगळं पुन्हा. म्हणून सुरुवातीला चारच शब्द द्यायचे असले तरी मोठा ग्रिड करून बाकीचे लपवा, नंतर एकेक उघडा, जागा तीच राहते. हात थरथरत असेल, एकाऐवजी तीन बटणं लागत असतील तर आयपॅडवर टच ॲकॉमोडेशन्समध्ये बोट किती वेळ टेकलं की दाबलं धरायचं ते ठरवता येतं. ॲक्रिलिकची, बटणांच्या मापाने भोकं पाडलेली शीट स्क्रीनवर बसवली तर अजून बरं, नेमप्लेट बनवणारे लेझर कटिंगवाले माप दिलं की करून देतात. हात चालतच नसेल तर अँड्रॉइडचा स्विच ॲक्सेस बघा, म्हणजे स्क्रीनला हात न लावता जोडलेल्या एखाद्या बटणाने टॅब चालवायची सोय, आणि आयपॅडओएस 18 मध्ये काही नवीन आयपॅडवर नजरेने चालवायची सोय आलीये, पण हे थेरपिस्टसोबत बसूनच लावा.

मग पोराला शिकवायचं कसं? तर शिकवायचं नाही, आपणच त्यावर बोलायचं. जेवायला बसताना तुम्ही तोंडाने "अजून भात पाहिजे?" म्हणता तेव्हा "अजून" आणि "पाहिजे" ही दोन बटणं दाबत म्हणा. त्याच्याकडून लगेच काही अपेक्षा नको, त्याचा हात धरून दाबायला लावायचं नाही, "आधी टॅबवर सांग मग देते" तर मुळीच नाही. बाळ वर्षभर नुसतं ऐकतं तेव्हा कुठे एक शब्द बोलतं, इथेही महिने जातील. विचारलं की दहापर्यंत मनात मोजा आणि थांबा, घाईत आपणच उत्तर देऊन टाकतो. तो नुसताच बटणं बडवत बसला तर बसू दे, तो त्याचा बडबडायचा काळ आहे. बाबा, आजी, भाऊ, सगळ्यांनी दाबायला पाहिजे, एकट्या आईने केलं तर ती आईची भाषा होऊन बसते.

मोठ्या माणसाचं थोडं वेगळं. स्ट्रोकनंतर अ‍ॅफेझिया झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच अडखळायला लागलेल्या, काकांना कार्टूनची चित्रं देऊ नका, अपमान वाटतो. खरे फोटो काढा, त्यांचा चहाचा कप, नातू, बँक, देवघर. अ‍ॅफेझियात वाचणं-लिहिणं पण अडखळू शकतं, त्यामुळे टाइप करून बोलायचं ॲप प्रत्येकाला जमेलच असं नाही. एमएनडीवाल्यांचं वाचन बहुधा शाबूत असतं, त्यांना स्पीच असिस्टंटसारखं वाक्यं साठवून ठेवायचं ॲप बरं पडतं, आणि आवाज चांगला आहे तोवरच त्यांची नेहमीची वाक्यं, नातवंडांना मारायच्या हाका, शिव्यासुद्धा, रेकॉर्ड करून ठेवा.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) रजिस्ट्रेशन आहे का आणि एएसी केलंय का हे दोन्ही विचारा, सगळे करत नाहीत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी, सरकारी आहे, तिथून सुरुवात करता येईल. ऑटिझम, सीपी किंवा मतिमंदत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय विम्याची चौकशी करा, वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचा खर्च त्यात बसतो.

शेवटचं, बोर्डाचा बॅकअप घ्या आणि पहिलं पान प्रिंट काढून लॅमिनेट करा. आवाज ॲप आणि सीबोर्डमधून प्रिंट निघते, बाकीच्यात स्क्रीनशॉट. एक कॉपी दप्तरात, एक बाथरूममध्ये, एक गाडीत. पावसात, पोहायला जाताना आणि चार्जिंग संपल्यावर तीच चालते. शाळेत देताना मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा, "हा माझा आवाज आहे, कपाटात ठेवू नका, मला उत्तर द्यायला वेळ द्या."