जुन्या युरोपीय धाटणीचा पॅटिओ घरी करताना या चुका टाळा

बंगल्याच्या मागे दहा-बारा फुटांची मोकळी जागा असते, छायाचित्रांत पाहिलेले इटलीतले किंवा स्पेनमधले एखादे अंगण मनात भरलेले असते, आणि हिवाळ्यात काम काढून मार्चपर्यंत दगडी फरशी, कारंजे, लोखंडी खुर्च्या आणि लॅव्हेंडरच्या कुंड्या असा सगळा थाट उभा राहतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी तिथे बसण्यात खरोखर सुख असते. मग जून येतो. ऑगस्टच्या अखेरीस फरशीवर शेवाळ धरलेले असते, खुर्च्यांच्या पायांतून गंजाचे ओघळ दगडावर उतरलेले असतात, लॅव्हेंडर काळे पडून गेलेले असते आणि कारंज्याच्या कुंडात डासांच्या अळ्या वळवळत असतात. हे बिघाड वेगवेगळे दिसले तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते: आपण त्या अंगणाचे रूप उचललेले असते, पण ते रूप ज्या हवेमुळे आणि ज्या गरजेतून घडले त्यांचा विचार केलेला नसतो.

‘युरोपीय’ या शब्दापासूनच गोंधळ सुरू होतो. इंग्लंडमधील सिसिंगहर्स्टची बाग, जी लेखिका विटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये ती जागा विकत घेऊन उभी केली, ती थंड, ओलसर हवेतली बाग आहे. तिथले गुलाब आणि तिथली हिरवळ त्या हवेचीच देणगी आहे. इटलीतील टस्कनीची अंगणे उन्हाची, सायप्रस वृक्षांची आणि भाजलेल्या मातीच्या मोठ्या कुंड्यांची आहेत. दक्षिण स्पेनमधील कोर्दोबाचे पॅटिओ याहून वेगळे. तिथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर सहज जातो, म्हणून घराने बाहेरच्या रस्त्याकडे पाठ फिरवून आतल्या चौकाकडे तोंड केले, मधोमध विहीर किंवा कारंजे ठेवले, भिंतींना चुना दिला आणि त्या भिंतींवर फुलांच्या कुंड्या टांगल्या. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालण्यासाठी लांब बांबूच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा लहान डबा तिथे आजही वापरतात. या अंगणांची स्पर्धा १९२१ पासून मे महिन्यात भरत आली आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्या उत्सवाचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. इंग्लंडची हिरवळ, टस्कनीच्या कुंड्या, फ्रेंच खुर्च्या आणि ग्रीक पुतळा असे चारही एका छोट्या अंगणात आणले, तर ते अंगण वाटत नाही, दुकानाची मांडणी वाटते. एकच घराणे निवडावे. पुणे, नाशिक, संभाजीनगर किंवा नागपूर येथे राहणाऱ्याला मी निःसंकोचपणे कोर्दोबाचे घराणे निवडायला सांगेन, कारण बंद चौक, सावली, थोडेसे पाणी आणि सुगंध हे त्या घराण्याचे चारही आधार आपल्या वाड्याच्या चौकातही होतेच. कोकणात राहणाऱ्याने मात्र टस्कनीऐवजी गोव्याकडे पाहावे. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पोर्तुगीज काळातील तिथल्या घरांनी उंच जोते, जांभ्याच्या भिंती, पुढे झुकलेली कौलारू पाखी आणि दारापुढचा बल्कांव (बसायचा छपरी ओटा) यांतून त्या पावसाला कधीच उत्तर दिलेले आहे.

पावसाच्या आकड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, कोर्दोबामध्येही जवळपास तितकाच, आणि पुण्यात सातशेच्या आसपास. आकडे पाहून फरक किरकोळ वाटतो. परंतु लंडनचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो, कोर्दोबाचा मुख्यतः थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, तर पुण्याचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या उबदार चार महिन्यांत कोसळतो. भूमध्य समुद्राकाठच्या वनस्पतींना थंडीतला ओलावा आणि उन्हाळ्यातला कोरडेपणा यांची सवय असते. आपण त्यांना उबेत ओलावा देतो, आणि उबदार, दमट मातीत बुरशी मुळांवर हल्ला करते. लॅव्हेंडर पाणी कमी पडून मेले असे समजून पुढच्या वर्षी अधिक पाणी घालणारे अनेक जण मला भेटले आहेत, आणि त्यांचे दुसरे रोप पहिल्यापेक्षा लवकर गेले आहे. रोझमेरी पावसाळ्यात छपराखाली सरकवली आणि कुंडीत भरड वाळू व खडी भरपूर मिसळली तर टिकते. लॅव्हेंडर मात्र हंगामी मानावे, ऑक्टोबरनंतर लावावे आणि जूनमध्ये त्याचा मोह सोडावा. कोर्दोबाच्या भिंतींवरचे जिरेनियमही आपल्याकडे हिवाळ्यातच खुलते.

यात मन मारण्यासारखे काही नाही, कारण ज्या फुलांना आपण जुन्या युरोपची फुले समजतो ती मुळात युरोपची नाहीतच. कुंड्यांतले जिरेनियम दक्षिण आफ्रिकेचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. आणि आपली जाई तर युरोपात ‘स्पॅनिश जॅस्मिन’ या नावाने ओळखली जाते. त्यामुळे भिंतीवर जाई, कोपऱ्यात डाळिंब, मोठ्या कुंडीत लिंबू आणि दाराशी मोगरा लावणारा कोर्दोबाशी प्रामाणिकच राहतो. युरोपात बागेच्या कडेला कातरून राखतात ती बॉक्सवूडची बुटकी झुडपे मिळवण्याची धडपड करण्यापेक्षा कुंती लावावी. ती कातरणी सोसते, हिरवीगार राहते आणि पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचा वास देते. कण्हेर भूमध्य समुद्राकाठी सर्रास दिसते आणि आपल्याकडेही उत्तम वाढते, परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्यामुळे घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर ती टाळावी. बोगनवेलीला फुले येत नाहीत ही तक्रार असेल, तर बहुधा तिला पाणी आणि शेणखत जास्त होत असते. पाणी तोडून माती कोरडी होऊ दिली आणि दिवसभर ऊन मिळाले की ती बहरते.

आता फरशी आणि तिच्याखालची जमीन. घाटावरच्या अनेक गावांत जमीन काळी असते. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट बसवलेली फरशी एक-दोन वर्षांत उचलली जाते किंवा मधोमध खचते. सिमेंटचा थर वाढवून हा प्रश्न सुटत नाही. दीड ते दोन फूट काळी माती काढून टाकावी, त्या जागी मुरूम थराथराने भरून, पाणी मारून, ठोकून दाबावा, आणि त्यावर खडी व वाळूचा थर देऊन मगच दगड बसवावा. माझ्या घरी कंत्राटदाराने हे काम एका दिवसात उरकले आणि मीही घाईमुळे हरकत घेतली नाही. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर निम्मी फरशी काढून पुन्हा बसवावी लागली.

उताराबाबतही तडजोड करू नये. खडबडीत दगडाला दर मीटरमागे दीड सेंटिमीटर उतार लागतो, म्हणजे दहा फुटांत सुमारे दोन इंच, आणि तो घरापासून दूर जाणारा हवा. टेबल डुगडुगेल म्हणून गवंडी फरशी सपाट करतात, पण टेबलाच्या पायाखाली पाचर सारता येते, भिंतीत शिरलेले पाणी मात्र सहज बाहेर काढता येत नाही. पॅटिओची पातळी घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली ठेवावी. घराच्या आतल्या भिंतीला तळाशी पोपडे सुटत असतील, तर रंग बदलण्याआधी बाहेरच्या फरशीची उंची तपासावी. पुष्कळदा जुन्या फरशीवर नवी फरशी चढवल्याने ती जोत्याला भिडलेली असते.

दगड कोणता, याचे उत्तर सोपे आहे. शहाबादी किंवा कोटा यांची न घासलेली, खडबडीत लादी जुन्या अंगणाची छटा आपोआप देते. घासून चकचकीत केलेला काळा कडप्पा उन्हात पाय भाजतो आणि पावसात घसरवतो, म्हणून तो उघड्यावर वापरू नये. शेवाळ काढण्यासाठी ॲसिड ओतण्याची सवय अत्यंत घातक आहे: शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड असल्यामुळे ॲसिड त्यांचा पृष्ठभागच खाते, दगड पांढरट आणि सच्छिद्र होतो, आणि पुढच्या वर्षी शेवाळ त्यावर अधिक घट्ट धरते. ताठ ब्रश, पाणी आणि वरच्या फांद्या विरळ करून मिळवलेले ऊन, एवढेच पुरते. गंजाच्या डागांवरही ॲसिड नकोच. लोखंडी खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घालाव्यात, पोकळ नळ्यांत पाणी साचू नये म्हणून तळाशी छिद्र ठेवावे, आणि दर वर्षी पावसाआधी गंज खरवडून प्रायमर व रंग द्यावा. इतकी निगा होणार नसेल तर ओतीव ॲल्युमिनियमच्या खुर्च्या घ्याव्यात, त्या दिसायला तशाच असतात.

खुर्च्यांची संख्याही बहुधा चुकते. ९० सेंटिमीटर व्यासाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या मागे ओढून बसायचे म्हटले की पावणेतीन मीटरचे वर्तुळ लागते, आणि दहा फुटांच्या अंगणात मग कुंडीलाही जागा उरत नाही. दोघांसाठी ६० सेंटिमीटरचे टेबल भिंतीकडे सरकवून ठेवावे आणि मधली जागा रिकामी सोडावी. त्या रिकामेपणातच या अंगणांचा निवांतपणा आहे.

कारंज्याविषयी मी अधिक आग्रही आहे. लहान जागेत मधोमध तीन मजली कारंजे उभे करू नये. भिंतीतून गोमुखासारखी एक तोटी, तिची बारीक धार आणि खाली दगडी कुंड, एवढ्याने आवाजही मिळतो आणि जागाही वाचते. उडते कारंजे हवेच असेल, तर मध्यापासून कुंडाच्या काठापर्यंतचे अंतर धारेच्या उंचीइतके तरी असावे, नाहीतर वाऱ्याने पाणी सतत बाहेर उडून फरशीवर शेवाळ वाढते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्या उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या पातळीलगत कुंडाच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. दर आठवड्याला कुंड रिकामे करून कडा घासाव्या लागतात. मोठे कुंड असेल तर गप्पी मासे सोडावेत. कुंड्यांखालच्या ताटल्या जूनपासून काढून ठेवाव्यात. कूपनलिकेच्या जड पाण्याने दगडावर पांढरे क्षार बसतात, म्हणून शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. पंपाच्या वीजजोडणीवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) असल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

दिव्यांबाबत एवढेच सांगतो, की ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश या अंगणाला दवाखान्याची कळा आणतो. २७०० किंवा त्याहून कमी केल्विनचे पिवळसर दिवे घ्यावेत, आणि ते डोळ्यांना थेट न दिसता भिंतीवर किंवा पानांवर पडतील असे लपवावेत.

शेवटी भिंत. जुनेपणा यावा म्हणून तिच्यावर पोपडे गेल्यासारखी कृत्रिम रंगरंगोटी करतात. ती दोन वर्षांत खरोखरच पोपडे गेल्यासारखी होते. जांभ्याच्या किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला प्लास्टिकसारखा बंद थर देणारा रंग दिला, तर आतला ओलावा अडकून तो थर फुगतो. अशा भिंतीला चुन्याची सफेदी द्यावी: कळीचा चुना मोठ्या लोखंडी भांड्यात, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे घालून पाण्यात विरवावा, काही दिवस मुरू द्यावा, गाळून पातळ करावा आणि ओलसर केलेल्या भिंतीवर दोन-तीन पातळ हात द्यावेत. पूर्वी आपल्या गावांतून त्यात थोडी नीळ मिसळत, तीही इथे शोभते. आधी ॲक्रिलिक रंग दिलेला असेल तर चुना त्यावर धरत नाही, तो रंग खरवडावाच लागतो. वेल थेट भिंतीला चिकटू न देता दोन-तीन इंच अंतरावर तारा ताणून त्यांवर चढवावा, म्हणजे सफेदी देताना तो खाली उतरवता येतो. हे काम पावसाळा संपून भिंती सुकल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात काढावे. तोवर जाईची छाटणी टाळली, तर दिवाळीपर्यंत पांढऱ्या भिंतीपुढे तिचीही फुले असतात.