बर्फ न पाहिलेल्या मुलांना ‘द स्नोमॅन’ कसा दाखवावा

आमच्या सोसायटीच्या बालवाचनालयात मी दर मे महिन्यात ‘द स्नोमॅन’ दाखवते. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो आणि दोघं उडत फिरायला जातात, असा हा चित्रांचा सिनेमा. पहिल्या वर्षी माझं चुकलं. सिनेमात संवाद नाहीत, म्हणून मीच बोलत बसले: बघा, आता त्याला टोपी घालतोय, आता दोघं उडणार हं. पुढे बसलेली पाच वर्षांची मुलगी वळून म्हणाली, “मावशी, तू थांब ना. मला ऐकू येत नाहीये.” तिला संगीत ऐकायचं होतं. तेव्हापासून मी कसं करते ते सांगते.

आधी पुस्तक, ज्यावरून सिनेमा झाला ते. रेमंड ब्रिग्ज या इंग्रज चित्रकाराचं हे पुस्तक १९७८ सालचं, रंगीत पेन्सिलींनी काढलेलं, आत एकही शब्द नाही. चौकटी बारीक आहेत, त्यामुळे एका पुस्तकाभोवती तीन-चारच मुलं बसवा आणि पान मुलांनाच उलटू द्या. “हे काय आहे?” असं विचारू नका. गोष्ट तीच सांगतील, चुकीची सांगितली तरी चालेल. आमच्याकडे एकाने स्नोमॅनला मुलाचे आजोबा ठरवलं होतं आणि शेवटपर्यंत त्याची गोष्ट नीट जुळली.

आता बर्फ. हे मात्र चुकवू नका. गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणायचा, दहा मुलांना दोन किलो पुरतो. थर्मासच्या डब्यात किंवा गोणपाटात गुंडाळून आणा आणि सिनेमाच्या आधी पाच मिनिटंच उघडा. प्रत्येकाला एक ताटली. खाली मोठा गोळा, वर लहान, डोळ्यांना दोन मिरे, नाकाला संत्र्याच्या सालीचा तुकडा. सिनेमातला मुलगाही नाकाला संत्रंच लावतो, डोळ्यांना कोळसे. बर्फ घट्ट दाबावा लागतो, हात बधिर होतात, मुलं किंचाळतात, किंचाळू द्या. गळ्यात चिंधीचा मफलर बांधला की ताटल्या भिंतीकडेला ओळीने ठेवा. पंख्याखाली नको, फार लवकर वितळतात. त्यांच्याबद्दल पुढे अवाक्षर काढू नका.

मग सिनेमा. सव्वीस मिनिटांचा आहे. इंग्लंडमध्ये चॅनल फोर ही टीव्ही वाहिनी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २६ डिसेंबर १९८२ ला तो पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शन डायान जॅक्सन यांचं, संगीत हॉवर्ड ब्लेक यांचं. सुरुवातीला कुणीतरी इंग्रजीत चार वाक्यं बोलतं: काही प्रतींत स्वतः ब्रिग्ज, काहींत माळ्यावर मफलर शोधणारा गायक डेव्हिड बोवी. तेवढं आधीच मराठीत सांगून टाका आणि मग तोंड मिटा. आवाज फोनचा नको. कुणाकडून तरी स्पीकर मागून आणा. इथे सगळं वाद्यवृंदच सांगतो. स्नोमॅन पाय कसा टाकतो, कधी दचकतो, ते वाद्यांतूनच कळतं, आणि फोनवर निम्मं हरवतं.

बराच वेळ माणसाचा आवाजच येत नाही. दोघांचे पाय जमिनीवरून सुटतात आणि तेव्हा एका मुलाचा गाता आवाज येतो. दरवर्षी या क्षणी खोलीतली चुळबुळ थांबते. तो आवाज पीटर ऑटी या मुलाचा, लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या गायकवृंदातला. श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं. पुढे १९८५ मध्ये अ‍ॅलेड जोन्स या दुसऱ्या मुलाने हेच गाणं गायलं आणि ते इतकं गाजलं की सिनेमातही तोच गातो असं पुष्कळांना वाटतं. मला हे फार लागतं. म्हणून सिनेमा संपल्यावर मी मुलांना पीटरचं नाव मोठ्याने म्हणायला लावते.

पुस्तकात सांताक्लॉज नाही. तिथे दोघं समुद्रकाठी जाऊन परत येतात. उत्तरेकडचा प्रवास, स्नोमॅनांचा नाच आणि सांताक्लॉजकडून भेट मिळालेला मफलर ही सिनेमाची भर. मुलं हे आपणहून पकडतात आणि भांडतात. मला विचाराल तर मफलर हवाच, कारण शेवटी मुलाच्या खिशात तो सापडतो.

तो शेवट. सकाळी स्नोमॅन वितळलेला असतो. लगेच दिवा लावू नका, टाळ्या नकोत, “उद्या परत येईल हं” तर मुळीच नको. ब्रिग्ज म्हणत असत की स्नोमॅन वितळतो, आईवडील जातात, आणि मुलांनी ते कधीतरी पाहायचंच असतं. रडणाऱ्याला जवळ घ्या, बोलू नका. एवढ्यात कुणाचं तरी लक्ष भिंतीकडे जातंच. ताटल्यांत पाणी, त्यात ओली चिंधी, सालीचा तुकडा. गेल्या वर्षी एकाने पाण्यातून दोन्ही मिरे काढले, शर्टाला पुसले आणि खिशात टाकले.

चित्र दुसऱ्या दिवशी. तेव्हा एखादं दृश्य थांबवून दाखवा. भिंत, आकाश, स्नोमॅनचं अंग, सगळ्यावर खडूचे कण दिसतात, कारण पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावांवर चित्रं हातानेच रंगवली आहेत. पुढे चालवलं की तेच कण थरथरतात. वहीच्या कोपऱ्यात तोच चेंडू दहा पानांवर काढायला लावा, पानं भरभर सोडा, आणि थरथर कुठून येते ते मुलांना स्वतःच बघू द्या. रंगीत पेन्सिली बोथट असलेल्याच बऱ्या.