पेरणीआधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यातून काढा, साध्या पाण्यात सगळे पोचट दाणे वर येत नाहीत

पेरणी तोंडावर आलीय, घरचं बियाणं वापरणार असाल तर एक काम आत्ताच करून घ्या. बरेच जण बी साध्या पाण्यात टाकतात, वर आलेलं काढतात आणि झालं म्हणतात, पण त्यात फक्त एकदम पोकळ दाणेच वर येतात. अर्धवट भरलेला दाणा पाण्यापेक्षा थोडासाच जड असतो म्हणून तोही तळाला जातो आणि मग तेच बी उगवतं कमी आणि रोपं निघतात मरतुकडी.

दाणा मोठा आहे की लहान यावर तो बुडणं ठरत नाही. त्याच्या आकाराएवढ्या पाण्याचं जे वजन होईल त्यापेक्षा दाणा जड असेल तर बुडणार, हलका असेल तर तरंगणार, एवढंच. पोचट दाण्यात टरफलाच्या आत हवा असते म्हणून तो दिसायला टपोरा असला तरी वर येतो आणि बारीक पण गच्च भरलेला दाणा खाली बसतो. पाण्यात मीठ विरघळलं की पाणीच जड होतं, मग ते अर्धवट दाणेही वर येतात. भातासाठी 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ घ्या. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, कारण मीठ तळाला राहिलं तर वरचं पाणी हलकंच राहतं आणि सगळी मेहनत वाया. अंडं तरंगेपर्यंत मीठ घालायचं असं कोणी सांगेल, पण ताजं अंडं तरंगायला लिटरला 100 ग्रॅमच्या वर मीठ लागतं, या 3 टक्क्याच्या पाण्यात ते बुडणारच, त्यामुळे मीठ सरळ मोजून घाला.

बी थोडं थोडं टाका आणि हाताने चांगलं हलवा, कोरड्या दाण्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि चांगला दाणाही उगाच वर राहतो. दोन मिनिटं थांबून वरचं काढून टाका. खालचं बी लगेच बाहेर काढून 2-3 वेळा स्वच्छ पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर उगवण मार खाते, मग सावलीत सुकवून पुढची बीजप्रक्रिया (म्हणजे बियाण्याला औषध चोळणं) करा.

बाजरीच्या बियाण्यातून अरगट (कणसावर येणारा बुरशीचा रोग, त्यात दाण्यांच्या जागी काळ्या गाठी होतात) वेगळा काढायला पाणी जास्त खारं लागतं, 10 लिटरला 2 किलो मीठ. वर आलेल्या अरगटच्या काळ्या गाठी जनावरांना अजिबात घालू नका, विषारी असतात, जाळून टाका. उरलेलं खारं पाणीही रोपवाटिकेत ओतू नका.

आणि हो, सोयाबीनला हे करू नका! त्याची साल पातळ असते, भिजली की सुटते आणि बी खराब होतं, त्याची निवड चाळून आणि हातानेच करा.